तीनशे ग्रॅम

"वजन उतरलंय," सिस्टर म्हणाली आणि मी म्हटलं, "थँक यू."

म्हटलं म्हणजे तोंडातून गेलं. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय आपोआप उडतो, तसं. त्याबरोबर ते हसूही आलं असणार, मान जराशी कललेली, हनुवटी पुढे म्हणजे गळ्याखाली वळी पडत नाही, कारण सिस्टरनं काट्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि ती बघतच राहिली. काट्यावरच्या निळ्या प्लॅस्टिकच्या खोलगट ताटात माझी सात महिन्यांची मुलगी उघडी पडली होती, पाय हवेत, मूठ तोंडात.

"तुमचं नाही हो," सिस्टर म्हणाली. "बाळाचं."

"हो, हो. बाळाचंच," मी म्हटलं आणि हसू आवरायला गेले, तर ते आवरेना. तोंडाचे स्नायू कुणी दुसरीच्या चेहऱ्यावर बसवून दिल्यासारखे जागच्या जागी राहिले. सिस्टर कार्डावर लिहीत होती. मागच्या महिन्यात सहा किलो नऊशे, आज सहा सहाशे. "तीनशे ग्रॅम गेले कुठे?" ती मुलीलाच विचारत होती, लाडात, पण भुवया वर गेल्या होत्या. "काय गं, सांडलेस का वाटेत?" आणि मला, खरंच सांगते, त्या क्षणी छातीत एक ऊब पसरल्यासारखी झाली होती. तीनशे ग्रॅम. एका महिन्यात, काही न करता. शाबास. मग दुसऱ्याच क्षणी पाठीतून काहीतरी गार सरकत खाली गेलं आणि मी काट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. सिस्टर म्हणाली, "हात काढा, वजन चुकेल." मी हात काढले. काट्याला हात लावायचा नसतो, एवढं तरी मला आयुष्यात पाठ होतंच की.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी मुलीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती परत जागेवर जायला किती वेळ लागतो ते बघितलं. मीही बघितलं. ती हळू गेली. वरचं खाणं सुरू केलंय का? केलंय ना, महिना झाला. किती खाते? वाटीभर. दूध? पाजते की, मागेल तेव्हा. आणि तुम्ही, तुम्ही नीट जेवता ना? "मी?" मी म्हटलं, "माझं तर दिवसभर तोंड चालू असतं. अंगालाच लागत नाही, काय करू!" हे वाक्य माझं नव्हतं. ते आम्हा वीसजणींचं होतं. तुम्ही इतक्या सडपातळ कशा, असं कुणी विचारलं की हे वाक्य म्हणायचं, 'काय करू'पाशी खांदे उडवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे आम्हाला आरशासमोर उभं करून शिकवलेलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत मी नीट बघितलं. त्यांनी कार्डावर काहीतरी खरडलं. "आठ दिवसांनी आणा. वाढलं नाही तर दाखल करून घेऊ. नळीनं भरवावं लागेल." आणि मला नीट समजलं नसेल असं समजून त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं, इथून.

बाहेर ऊन होतं आणि रस्ता नेहमीसारखा चालू होता याचा मला राग आला. मुलीला छातीशी बांधलेल्या झोळीत घालून मी दुकानांच्या कडेकडेनं चालत होते. काचेत दिसणाऱ्या बाईला पोट नव्हतं, झोळी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि प्रत्येक काचेत बघत होते. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात मी पूर्वीच्या जीन्समध्ये शिरले त्या दिवशी सगळ्या बायकांनी डोळे मोठे केले होते. काय गं, कुठं ठेवलंस सगळं? नजर लागेल बाई! मॉडेलिंग एजन्सीतल्या बाईनं फोटो मागवला आणि लिहिलं, सणसणीत, दोन महिन्यांनी कॅटलॉगचं काम आहे, अशीच राहा. अशीच राहा. मी राहिले. सकाळी काळी कॉफी, दुपारी अंड्याचा पांढरा भाग, संध्याकाळी काकडी, आणि मध्ये मुलगी छातीला लागली की डोळ्यांपुढे बारीक काजवे. ते काजवे मला ओळखीचे होते, उलट बरं वाटायचं. वाटायचं, सगळं जाग्यावर आहे. आता झोळीत ती छाती चाचपत होती. तोंड लावायची, चारदोन घोट ओढायची आणि सोडून माझ्याकडे बघायची, चिडून नव्हे, चौकशी केल्यासारखी. दुकानात 'आहे का हो?' विचारावं आणि दुकानदारानं नुसती मान हलवावी, तसं काहीतरी आमच्या दोघींत रोज चाललं होतं आणि मी त्याला तिचा समंजसपणा म्हणत होते. फार शहाणी आहे, रडत नाही. सगळ्यांना सांगत होते.

नाकातून नळी मी एकदा बघितली होती. सौंदर्यस्पर्धेच्या आधी तीन आठवडे आम्हाला एका हॉटेलात ठेवलं होतं, वीसजणी, दोघींना एक खोली. तिथं नावं नव्हती, कमरेला लावलेले आकडे होते. मी अकरा. माझ्या खोलीत सहा नंबर. सहा नंबरला सतत थंडी वाजायची, ती मोज्यांवर मोजे घालून झोपायची आणि तिच्या हातांवर, खांद्यांवर बारीक भुरी लव होती, पिवळसर, कोवळी. ती म्हणायची, "पिसं फुटतायत. बघ, एक दिवस खिडकीतून उडते की नाही." फार हसवायची. जेवण झालं का विचारलं की, "हो, आज ढगाचा तुकडा खाल्ला, मीठ लावून. जरा जडच झाला." माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर तशीच लव होती. सगळे म्हणाले, असते, जाते आपोआप. मी दाईच्या हातातून तिला घेतलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला तर "सहा". नवऱ्याला वाटलं मी वेळ विचारतेय. तो म्हणाला, "नाही, साडेसात." गेली ती लव महिन्याभरात. पण मी अजून अंघोळ घालताना तिची पाठ उजेडाकडे धरून बघते.

आमच्या शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही पाठीमागे टेप म्हणायचो. गळ्यात सतत टेप, इतर बायकांच्या गळ्यात साखळी असते तशी. दर सोमवारी सकाळी, पोटात पाणीही नसताना, एकेकीला भिंतीशी उभं करून टेप लावायची. मोठ्यानं काही बोलायची नाही. वाढलं असेल तर नुसती हं म्हणायची. उतरलं असेल तर गालावर हलकी चापट, "शाबास, राणी." त्या चापटीसाठी आम्ही काय काय केलं असेल! ती वाईट बाई नव्हती. ताप आला तर कपाळावर ओली घडी ठेवायची. तिनं आम्हाला उपाशी राहायला कधीच सांगितलं नाही. तिनं फक्त थांबायला शिकवलं. हात कुठं थांबवायचा, भूक लागली असं वाटलं की ती लाट ओसरेपर्यंत कसं बसून राहायचं, गाणं म्हणायचं, खिडकीबाहेर बघायचं. "डोकं विसरतं," ती म्हणायची, "हाताला शिकवा. हात विसरत नाही." आणि मी गुणी विद्यार्थिनी. कॉलेजातही पहिल्या पाचांत असायचे.

रंगीत तालमीच्या दिवशी सहा नंबर जिन्यावर बसली आणि उठलीच नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात मला भेटू दिलं. नळी गालाला चिकटपट्टीनं चिकटवली होती आणि त्यातून दुधाळ काहीतरी थेंबाथेंबानं आत जात होतं. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आईला निरोप देईल, रडेल. ती म्हणाली, "अकरा, त्या पिशवीत किती कॅलरी असतात, विचारून ये ना." आणि मी गेले. विचारलं. सिस्टरनं सांगितलेला आकडा मी येता येता निम्मा केला आणि तिला सांगितला, आणि ती डोळे मिटून हसली, आणि मलाही फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रांगेत चाललो तर पाच नंबरनंतर एकदम सात. मध्ये एकीची जागा मोकळी. नाच बसवणारा ओरडला, "फट दिसतेय! सरका, फट भरा!" आम्ही सरकलो. तिचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. माझा त्या वर्षी तिसरा नंबर आला.

घरी आले. हात धुतले. ठरवलं होतं, आज वाटी पूर्ण भरवायची, मग बघू कशी वाढत नाही. बटाटा उकडला, गाजर उकडलं, चमच्यानं कुस्करून मऊ केलं, वाटी काठोकाठ भरली. मुलीला उंच खुर्चीत बसवलं, तिनं वाटी बघितली आणि दोन्ही पाय खुर्चीवर आपटायला लागली. आणि मी तिला पाणी पाजलं. कोमट पाणी, तिच्या छोट्या पेल्यातून, चांगलं पेलाभर. ती गटागटा प्यायली. अर्ध्यात माझा हात मला दिसला. म्हणजे हात रोजच दिसतो, पण असा दिसला नव्हता, स्वयंपाकघरात कुणी तिऱ्हाईत बाई शिरावी आणि ओळखीच्या सराईतपणे डबे उघडावेत, तसा. जेवणाआधी पाणी. पोटाला फसवायचं पाणी. मी हे रोज करत होते. तिला तहान लागली असेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते का? नाही, काहीच सांगत नव्हते. सांगायची वेळच आली नव्हती. आणि त्याआधी, ती भुकेनं कुरकुरायला लागली की मी तिला खिडकीशी नेते, गाडी बघ, चिऊ बघ, गाणं म्हणते, ओसरते दहा मिनिटांत. शहाणी आहे, रडत नाही.

पेला मी मोरीत ठेवला, दूर. मग चमचा धरला. एक, दोन, तीन. ती खात होती, जीभ बाहेर काढून, गाजर हनुवटीवर. मी मोजत नव्हते, मोजायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी रंग बघत होते, नारिंगी, पिवळा, तिच्या खालच्या दोन दातांवर नारिंगी. बरं चाललं होतं. मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. पुढचं मला कळलं तेव्हा मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. फडकं बाजूला केलं आणि खाली तोंड उघडंच होतं. आ. वाटीत तळाशी दोन चमचे उरले होते. मी ते भरवायला गेले. चमच्यात घेतलं, उचललं, आणि तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात असा जड झाला की जणू कुणी कोपर धरलंय. शेवटचे दोन घास ताटातच ठेवायचे, टेप म्हणायची. ज्या पोरीला दोन घास ठेवता येतात तिला सगळं येतं. मी हाताला दुसऱ्या हातानं ढकललं, खरंच ढकललं, आणि चमचा तिच्या गालाला लागला, खाली पडला, आणि ती पहिल्यांदा रडली. भोकाड पसरून. इतका मोठा आवाज तिच्यात होता हे मला माहीतच नव्हतं.

तिला कडेवर घेऊन मी फ्रीज उघडला. दूध बघावं, काहीतरी बघावं म्हणून. मधल्या फळीवर माझे छोटे डबे रांगेत होते, झाकणांवर तारखा लिहिलेले. टाकायचं कशाला, म्हणून मी उरलेलं ठेवत होते. नवरा थट्टा करायचा, "ही काय बाहुल्यांची खाणावळ उघडलीयस?" आणि कधी उभ्याउभ्या दोनचार डबे फस्त करून टाकायचा. मी एक झाकण उघडलं. भोपळा, दोन चमचे. दुसरं. सफरचंद शिजवलेलं, दोन चमचे. बटाटा, दोन चमचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. अकरा डबे होते. मी ते सगळे ओट्यावर उघडून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. तीनशे ग्रॅम कुठे गेले असं सिस्टर विचारत होती ना. ते असे, झाकणं लावून, माझ्या सुवाच्य अक्षरात. मी तिला उपाशी ठेवलं नव्हतं. मी तिला थांबायला शिकवत होते. सात महिन्यांच्या पोरीला. आणि ती शिकतही होती.

मला घाम फुटला. ही भीती इतर भीतींसारखी नव्हती. रस्ता ओलांडताना, ती पालथी पडून झोपली की, मी रोज शंभरदा भिते. त्या भीतीत मी तिला वाचवणारी असते. आता घरात मी आणि ती दोघीच होतो आणि मला दाराला कडी लावून स्वतःला बाहेर ठेवावंसं वाटत होतं.

नवऱ्याची लिफ्ट दुरुस्तीची नोकरी. सकाळची पाळी असली की तीनला येतो. आला तो दारातूनच, "काय म्हणतेय आमची ठमाबाई?" ठमी, म्हणजे गुबगुबीत, हे त्यानं जन्मल्या दिवशीच ठेवलेलं लाडाचं नाव. नको ना असं म्हणू, मी म्हणायचे, नाव पडतं. त्यानं ओट्यावरचे डबे बघितले. "अरे वा, आज मेजवानी?"

"तिचं वजन कमी झालंय," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

"काहीतरीच. दात येतायत, उतरतं थोडं."

"ऐक तरी. मी तिला पुरतं भरवत नाही. आधी पाणी पाजते आणि शेवटचं ठेवते. हे बघ, हे सगळं तिचं आहे. रोजचं."

त्यानं एक डबा उचलून हुंगला. "दोन चमच्यांनी काय होतंय गं?"

"दिवसातून तीनदा. आणि मला दूध नाहीये. ती ओढते आणि काही येत नाही."

"तू तर म्हणालीस भरपूर येतं."

"खोटं सांगितलं. डॉक्टरांनाही खोटं सांगितलं. तू म्हणतोस जेवलीस का, मी म्हणते हो, ते पण."

"कधीपासून?"

तुझ्या ओळखीच्या आधीपासून, असं म्हणावंसं वाटलं, ते लग्नातल्या भांडणासारखं वाटलं असतं. "सोळाव्या वर्षापासून," मी म्हटलं. तो खाली बसला नाही, डोक्याला हात लावला नाही. हाताला तेल-काजळी होती ती त्यानं पँटला पुसली, एकदा, दोनदा, बराच वेळ. मग म्हणाला, "मला वाटायचं तुझा बांधाच तसा आहे."

"सगळ्यांना तेच वाटायला हवं असतं."

"मग आता?"

"तू भरव तिला. माझ्या हातात चमचा देऊ नकोस. आणि त्या डॉक्टरांना फोन लाव, आत्ता, नाही तर मी उद्यापर्यंत परत हसून काहीतरी सांगेन."

फोन त्यानं लावला आणि माझ्या कानाशी धरला, मी पळून जाईन असा. तीच सिस्टर होती. मी म्हटलं, सकाळी वजन करायला आले होते, थँक यू म्हटलं होतं ती. "आलं लक्षात," ती म्हणाली. मी सांगायला लागले, पाणी, दोन चमचे, दूध, काकडी, सगळं एका दमात, आणि माझा स्वतःचाच आवाज मला परका लागत होता, कारण त्यात कुठं खांदे उडवायची जागा नव्हती. सिस्टर लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आठ दिवस थांबू नका. उद्या सकाळी या. दोघींना बघू. बाळाचे बाबा आहेत ना जवळ? मग आज भरवणं त्यांच्याकडे." आणि फोन ठेवता ठेवता, "घाबरलात ना? बरं झालं."

बरं काय झालं ते मला कळलं नाही. नवरा तोवर हात धुऊन, बाह्या वर करून खुर्चीसमोर बसला होता, इंजिन उघडल्यासारखा. त्याला भरवता येत नव्हतं. चमचा फार भरायचा, निम्मं तिच्या मांडीवर, निम्मं त्याच्या मनगटावर. पण तो थांबत नव्हता, कारण थांबायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं तोंड उघडलं की चमचा, तोंड उघडलं की चमचा. मी समोर स्टुलावर बसले होते, तळहात मांडीखाली दाबून. एक डबा गेला. दुसरा. तिसरा. बाकीचे डबे शिळे म्हणून त्यानं ताजी वाटी कुस्करली होती, ती. तिचं पोट लंगोटाच्या पट्टीवर गोल व्हायला लागलं होतं आणि मी त्या पोटाकडे बघत होते आणि मला त्याची भीती वाटत होती. उपाशी मेली तर, ही भीती होतीच, तिच्या शेजारी ही दुसरी, लाज वाटावी अशी, तिच्याहून जुनी, इतकं कसं खाते, किती खाते, बास, आता बास. ओठ मी आतून दातांत धरले होते. रक्ताची चव आली.

"संपलं गं ठमे," तो वाटी खरवडत म्हणाला. तिनं दोन्ही हात खुर्चीवर आपटले. आ. त्यानं मागं वळून माझ्याकडे बघितलं. "हिला अजून हवंय असं दिसतंय. देऊ? का जास्त होईल? तू सांग, मला कळत नाही."

त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं माझ्यावर सोपवलं होतं, आई म्हणून. ती पण माझ्याकडेच बघत होती. गालावर गाजर, तोंड उघडं, ते चौकशीचे डोळे. बास म्हणणं किती सोपं होतं. पोट दुखेल, असं म्हणता आलं असतं, शहाण्यासारखं, काळजीनं, आणि कुणाला संशयही आला नसता.

"अजून दे," मी म्हटलं.

तो उठून उकडलेला बटाटा सोलायला लागला. मी हात मांडीखालून काढले नाहीत. मुंग्या आल्या, मग बधिर झाले, तरी काढले नाहीत. आणि ती खात राहिली.